शनिवारपर्यंत

टॉवेलच्या कारखान्यातला मोजणीचा कागद.
एका बाजूला डझन, लूम नंबर, डागी माल,
दुसऱ्या बाजूला माझं अक्षर:
ज्वारी पाच किलो,
तूरडाळ अर्धा, खोडून पाव,
हुलगे अर्धा,
शेंगदाणे
आणि इथं पेन थांबतं.

इरण्णा म्हणतो, फुटके दाणे न्या वहिनी,
चटणीत कुणाला कळतंय?
कळतं.
नरसव्वाला उखळातल्या पहिल्या दणक्याला कळतं
की दाणा मागच्या सालचा आहे.
ती बोलत नाही, तिखट जरा जास्त टाकते.
चांगल्या दाण्याला कुटता कुटता स्वतःचं तेल सुटतं,
खवटाला बाटलीतलं द्यावं लागतं,
म्हणजे स्वस्त ते महागच.
अर्धा किलो. चांगले.
साखरेतून कापू.

रविवारी विडी घरकुलातल्या आमच्या मागच्या बोळात
तीन विटा मांडून, सुताचे रिकामे कोन जाळून
मी तीस भाकऱ्या थापते, कडक करते.
पापडासारख्या वाजतात. आठवडा निघतो.
सिलिंडर लावल्याची तारीख भिंतीवर खडूनं आहे,
त्रेपन्न दिवस झाले, ज्योत अजून निळी.
पण सासूला दात चार,
तेही एकमेकांना न भेटणारे.
तिची भाकरी भिजायला दीड पळी आमटी जास्त लागते.
गॅस वाचला तो डाळीत गेला.
माझ्या हिशोबात पैसा मरत नाही,
नुसता या डब्यातून त्या डब्यात राहायला जातो.

मंगळवारच्या बाजारात मी रात्री साडेआठला जाते.
साडेसातला भाजीला भाव असतो,
साडेआठला भाजीवालीला घरी जायचं असतं.
दोडकी आणते. गर बुधवारी, शिरांची चटणी गुरुवारी.
लावण्या म्हणते, आई, एकच दोडका आपण दोनदा खातो.
म्हटलं, दोडक्याची काही हरकत नाही.

आणि गुरुवारी संध्याकाळी दारात रिक्षा.
भिवंडीहून नणंद पुष्पा, दोन पोरं, पिशवीभर केळी.
कागदावर गुरुवारपुढं लिहिलेलं: आमटी, सात पळ्या.
मी पळ्या मोजल्या, माणसं मोजली,
पातेल्यात तांब्याभर पाणी ओतलं
आणि मिठाच्या डब्याकडं बघितलं.
नरसव्वा कोपऱ्यातून म्हणाली, माझा आज उपास हाय.
तिनं जन्मात कधी गुरुवार धरला नाही.
लावण्या म्हणाली, माझापण.
अंबादास कारखान्यातून आला, चप्पल काढता काढता
पातेल्यात डोकावला,
म्हणाला, पोट गच्च आहे, दत्तूनं भजी चारली.
मी तर काय, मागनं जेवणारी.
पुष्पा सगळ्यांकडं बघत राहिली.
पोरांना वाढलं तिनं, हात धुतले, म्हणाली,
वहिनी, मीबी गुरुवार करते की.

चार उपास, एक गच्च पोट.
आणि उपासाला साबुदाणा लागतो,
तो तर यादीतच नाही.
मग आम्ही सगळ्यांनी तिचीच केळी खाल्ली,
गच्च पोटानंही दोन खाल्ली.
कुणी कुणाकडं बघत नव्हतं, आणि नरसव्वाला
आधी हसू फुटलं, चारी दात दाखवून,
मग सगळ्यांना.
आमटी उरली.
शुक्रवारी तीच उकळली, दाट झालेली,
पहिल्या दिवसापेक्षा चांगली.

शनिवारी पगार. नवा कागद, मागं नवे डझन.
ज्वारी पाच किलो. दाणे अर्धा, चांगले.
सगळ्यात खाली, बारीक अक्षरात:
पाहुणा, पाव किलो.
इरण्णानं यादी वाचत वाचत चष्मा वर केला.
हे काय वहिनी?
म्हटलं, हुलगेच द्या,
पण वेगळ्या पुडीत बांधा.